भरल्या गाडीचं माप

खिजर गाडीखाली उताणा पडून टेप ओढत होता आणि वर गाडीत अर्धी गल्ली बसली होती. पुढच्या सीटवर तिघं, मागच्या सीटवर चौघी, त्यांच्या मांडीवर आणखी दोघी, आणि उरलेल्या फटीत शेजारची आक्का. शमशुद्दीननं ‘हलू नका’ म्हणून बजावल्यामुळे सगळे फोटो काढायला बसल्यासारखे ताठ होते. आक्काला शिंक येत होती, तीसुद्धा तिनं नाक दाबून धरली होती.

जुलेखा दारात उभी राहून हे बघत होती. तिला बसायला जागा नव्हती. पण या गाडीत आपल्याला जागा नसणं ही तिच्या दृष्टीनं काही नवी गोष्ट नव्हती.

गाडी डॉज होती. जुनी, रुंद, म्हशीसारखी शांत. शमशुद्दीननं ती उमेदीच्या काळात एका डॉक्टरांकडून घेतली आणि कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर वडापला, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन माणसं न्यायला, लावली. वडापचा कायदा साधा असे. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही, आणि गाडी भरली असं चालकाला कधी वाटायचं नाही. जुलेखा लग्न होऊन याच गाडीतून सासरी आली, पण नवऱ्याच्या शेजारी काझीसाहेब बसले होते. त्यानंतर त्या सीटवर तलाठी बसले, अवघडलेल्या बायका बसल्या, लाल मातीनं माखलेले पैलवान बसले, आणि एकदा तर बाजारातून घेतलेली शेळीही बसली, कारण मालकानं तिचं पूर्ण भाडं भरलं होतं. जुलेखानं एकदा नव्या लुगड्यात त्या सीटकडे बघितलं, तेव्हा शमशुद्दीन समजुतीनं म्हणाला होता, “ती सीट रोजीची हाय. रोजीवर घरच्या माणसानं बसू ने. म्हातारपणी आपण दोघंच जाऊ की कुठंतरी. तवा फुडं तूच.”

म्हातारपण वेळेवर आलं, पण तोवर गाडी बंद पडली. जीपा आल्या, सहा आसनी रिक्षा आल्या, लोकांच्या दारात मोटारसायकली आल्या. डॉज घराच्या बाजूला विटांवर चढली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. कोंबड्यांनासुद्धा पुढचीच सीट पसंत होती.

खिजर उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होता. बापाची गाडी चालू करायचं त्यानं गेल्या वर्षी मनावर घेतलं. मूळ इंजिनाचे भाग मिळेनात, म्हणून त्यानं एका जीपचं डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स तिच्यात बसवला, पत्रा ठोकून घेतला, रंग दिला. गाडी बाहेरून डॉज आणि आतून जीप झाली. जुलेखाला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला एकच कळत होतं. शाहूवाडीकडं तिचं माहेर होतं, तिथं तिची मोठी बहीण होती, आणि ही आपा येत्या शुक्रवारी हजला निघणार होती. आपा जन्मभर तिला एकच टोमणा मारत आली होती. “तुजा नवरा जगाला गाडीतनं फिरवतोय, आन् तू येतीस पिशवी घिऊन एस्टीनं.” आपा जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, तिच्या दारात पुढच्या सीटवरून उतरायचं, आणि गाडीत नवऱ्याशिवाय दुसरं कुणी नसावं, एवढंच जुलेखाचं मागणं होतं.

अडलं होतं ते शाफ्टपाशी. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांच्या आसापर्यंत जाणारा लोखंडी पाईप. इंजिनाचा जोर तोच मागं पोचवतो. नवा गिअरबॉक्स आखूड होता, त्यामुळे डॉजचा जुना शाफ्ट तिथवर पोचेना आणि जीपचा त्याहून आखूड निघाला. म्हणजे एक तोंड जीपला जुळणारं आणि दुसरं डॉजला, असा नवा शाफ्ट जोडून घ्यायला हवा होता. बापलेक भंगाराच्या दुकानांतून असे हिंडले, की जणू घरात मुलगी लग्नाची आहे. गारगोटीत एक तोंड पसंत पडलं, पण त्याचे दाते झिजलेले निघाले. कोडोलीत एक चांगलं मिळालं, पण त्याचा मालक ते विकायला तयार नव्हता, कारण तो त्यावर नारळ फोडत असे. शमशुद्दीननं त्याला घरचा वरवंटा नेऊन दिला आणि तोंड आणलं. त्या दिवसापासून जुलेखा आक्काच्या वरवंट्यानं मसाला वाटू लागली.

पाईपला ही तोंडं जोडायचं काम उद्यमनगरातल्या बाळासोकडं होतं. त्याचं लेथ मशीन होतं आणि त्याला जोड लावायची चांगली जाण होती. खिजरनं गाडी जॅकवर उचलली, दोरीनं माप घेतलं आणि बाळासोला नेऊन दिलं. शाफ्ट आला. बसवला. गाडी जॅकवरून खाली घेतली, तसा तो पुढं गिअरबॉक्समध्ये असा घुसला, की सगळी गाडी कण्हली.

बाळासो स्वतः बघायला आला, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “गाडीला झोपाळ्यात बसवून माप घेतलंस व्हय रं? चाकं लोंबत असली की मागचा आस खाली जातोय, अंतर वाढतंय. गाडी चाकावर उभी करायची. रोज जेवढं वजन घिऊन पळती, तेवढं वजन घालायचं, मागच्या स्प्रिंगचे पाटे वाकू द्यायचे, आन् मग माप घ्यायचं.”

हे वाक्य खिजरनं जेवताना बापाला जसंच्या तसं सांगितलं. बाळासोच्या मनात एक चालक, शेजारी एखादा माणूस आणि डिकीत एखादी पिशवी एवढंच होतं. पण शमशुद्दीननं ते वडापवाल्याच्या कानांनी ऐकलं. भाकरीचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, “बरोबर हाय त्याचं. हिनं जल्मात रिकामी धाव घेतलेली न्हाय.”

“अब्बा, आता कुठं वडाप करायचं हाय?”

“वडाप मी बंद केलाय. गाडीला कुणी सांगितलंय?”

म्हणून गल्ली गोळा झाली आणि गाडीत बसली. मागचे पाटे सपाट झाले, खिजरनं खालून माप घेतलं, आणि आक्कानं शेवटी ती शिंक दिली. बाळासोनं नवं माप बघून ‘बराच आखूड केलास की’ असं म्हटलं म्हणे, पण खिजरनं ‘वजनावर घेतलंय’ म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि पाईप कापला.

शाफ्ट बसवताना खिजरला पुढचे दाते गिअरबॉक्समध्ये थोडेच गेल्यासारखे वाटले. पण तेवढ्यात मापाला बसलेली सगळी माणसं गाडीत येऊन बसली होती. आपल्यावरून माप घेतलंय म्हणजे पहिल्या फेरीचा मान आपलाच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ती बसली तशी गाडी खाली आली, दाते छान आत गेले आणि खिजरचं समाधान झालं. गाडी रंकाळ्याला वळसा घालून आली. कुठं आवाज नाही, थरथर नाही. आक्कानं उतरताना दाराचा मुका घेतला. त्याही फेरीत जुलेखा घरीच होती. चहा करायला कुणीतरी हवंच होतं.

गुरुवारी सकाळी मात्र तिनं अबोली रंगाची साडी नेसली, आपासाठी केलेल्या गोड पुऱ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. सीट तिला वाटली होती त्यापेक्षा उंच निघाली. तिथून आपलीच गल्ली तिला कुणातरी दुसऱ्याची वाटली. शमशुद्दीननं ‘बिस्मिल्ला’ म्हणून गिअर टाकला. गाडी निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, गतिरोधकावर चढली, उतरली, आणि खाली खणकन् काहीतरी पडलं. इंजिन घोंगावू लागलं, गाडी मात्र जागची हलेना.

“गिअरात हाय की,” शमशुद्दीन स्वतःशीच म्हणाला.

बाजूनं जाणारा रिक्षावाला थांबला, खाली वाकून त्यानं बघितलं आणि म्हणाला, “चाचा, तुमच्या गाडीचं आतडं पडलंय वो.”

खिजर धावत आला. त्यानं शाफ्ट उचलून बसवला. गाडी थोडी हलवली, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा बसवताना मदतीला म्हणून गल्लीतले लोक सवयीनं गाडीत बसले, आणि शाफ्ट मुकाट्यानं आत जाऊन राहिला. ते उतरले की गाडी मागून वर उठायची आणि शाफ्ट तोंड बाहेर काढायचा. खिजरनं गाडीखाली पडल्या पडल्या दाते किती आत जातात ते चाचपून बघितलं. मग त्यानं तिथूनच बाळासोला फोन लावला.

फोनवरून आधी हसणं आलं, आणि मग जे कळलं ते असं. दोष शाफ्टचा नव्हता. त्याला भरल्या गाडीचं माप दिलं होतं, म्हणून तो भरल्या गाडीतच नांदत होता. आता त्याला तुकडा जोडून लांबवला तर गाडी वेगात थरथरेल. नवा पाईप मागवावा लागेल, आणि तो काही शुक्रवारच्या आत येत नाही.

“मग त्यात काय एवढं?” आक्का म्हणाली. “आम्ही येतो की समदी. शाहूवाडी बघून लई वर्सं झाली.” आणि कुणी हो म्हणायच्या आत ती साडी बदलायला घरात गेलीसुद्धा. बाकीच्याही पांगल्या, त्या तयार होण्यासाठीच.

शमशुद्दीननं बायकोकडं बघितलं नाही. तो टायरला पाय लावत उभा राहिला. जुलेखा सीटवरून उतरली नव्हती. डबा मांडीवर तसाच होता. एवढ्या माणसांना घेऊन गेलं तर ते माहेरी जाणं नव्हतं, वडापच होतं. त्यात पुढची सीट पुन्हा कुणाच्या तरी गुडघेदुखीला द्यावी लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“खिजर,” ती म्हणाली, “ह्या दांड्याला माणसं वळखू येतात का रे?”

“न्हाय अम्मी. त्याला फकस्त वजन कळतंय. तेबी मागचं.”

“मग त्याला गूळ चालंल का?”

गूळ आक्काच्या पडवीत होता. तिच्या लेकाचं गुऱ्हाळ होतं. एका आदणाचा, म्हणजे एका वेळी कढईत शिजलेला, गूळ काळा पडला, म्हणून आडत्यानं तो परत पाठवला होता. ‘बिनकेमिकलचा हाय’ असं आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, पण रव्यांची, त्या जड ढेपांची, रास काही हलत नव्हती. खिजर आणि शमशुद्दीननं ते रवे एकेक करून मागच्या सीटवर आणि सीटखाली मांडायला सुरुवात केली. तेवढ्यात नऊवारी नेसून, केसांत फूल खोवून आक्का बाहेर आली आणि आपल्या जागेवर आपलाच गूळ बसलेला तिनं बघितला.

“आसं हाय व्हय? गूळ चालतोय, आन् मी न्हाय?”

“आक्का,” जुलेखा खिडकीतून हळूच म्हणाली, “गूळ बोलत न्हाय गं.”

आक्कानं तिच्याकडं बघितलं, मग अबोली साडीकडं, मग पाठ वळवून उभ्या राहिलेल्या शमशुद्दीनकडं. इतकी वर्षं शेजारी राहून तिला उमजलं नसतं तरच नवल. तिनं पदर खोचला, एक रवा छातीशी धरून आणला आणि सीटवर ठेवत म्हणाली, “ह्यो खिडकीपाशी ठिवा. ह्याला बाहेरचं बगू द्या.”

गाडी निघाली. गतिरोधकावर शमशुद्दीननं श्वास धरला, पण शाफ्ट जागेवर राहिला. पन्हाळ्याचा डोंगर डावीकडं आला, उसाचे फड मागं पडले, वळणं सुरू झाली. दोघंही बोलत नव्हती. इतक्या वर्षांत गाडीत आपसात बोलायची वेळच आली नव्हती, त्यामुळे काय बोलायचं ते सुचेना. शमशुद्दीन प्रत्येक फाट्यावर सवयीनं गाडी हळू करी, कुणी हात केला की त्याचा पाय ब्रेककडं जाई, आणि मग मागच्या गुळाकडं बघून तो पुन्हा वेग घेई.

जुलेखाच्या ध्यानात हळूहळू एक गोष्ट येत होती. पुढच्या सीटवर ऊन थेट तोंडावर येत होतं. इंजिनाची धग पायाला लागत होती. काच अर्ध्यावर अडकली होती, तिथून येणारा वारा पदर उडवत होता. ज्या सीटसाठी तलाठ्यांनी वशिले लावले, ती ही अशी. तिनं डोळे बारीक केले, पाय आखडून घेतले, पण जागा सोडायचा विचार तिच्या मनात आला नाही.

“ऊन लागतंय?” शमशुद्दीननं विचारलं.

“छे,” ती म्हणाली.

आपाच्या दारात माणसांची रीघ होती. हजला निघालेल्या माणसाला भेटायला गावचं गाव येतं. जुलेखानं गाडी अगदी ओट्यापाशी लावायला लावली आणि दार उघडून, पदर सारखा करून, सावकाश उतरली. आपा समोरच होती. ती धावत आली, बहिणीला मिठी मारली, आणि तिच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, “या अल्ला, एवढा गूळ!”

जुलेखा कुठल्या सीटवरून उतरली हे कुणीही बघितलं नव्हतं.

आपानं तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. तिथं बसवून तिचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, “कुनाचं मन दुखवून हजला जाऊ ने. तुला मी एस्टीवरनं लई बोलले जुलेखा. माफ कर.”

‘आज बघ की मी कशी आले’ असं म्हणायला जुलेखाचे ओठ उघडले होते, पण माफी मागणाऱ्या बहिणीला ते कसं म्हणायचं. तिनं माफ केलं. दोघी रडल्या, पुऱ्या खाल्ल्या, जुन्या गोष्टी काढून हसल्या, आणि जुलेखा बाहेर आली, तेव्हा गाडी मागून चांगली वीतभर उंच झालेली होती.

ते बघताच तिला सगळं कळलं. हजच्या घरी मोटार भरून गूळ आलाय म्हटल्यावर आपाच्या सुनांना तो आहेरच वाटला. त्यांनी आणि गल्लीतल्या माणसांनी रवे उतरवून आत नेले होते. दोन फोडून सरबताला टाकलेही होते. शमशुद्दीन नमाजाला गेला होता, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. त्या दारात आलेली वस्तू परत मागायची, हे तर कुणाच्या जिभेवर आलं नसतं.

जुलेखानं कोपऱ्यात जाऊन आक्काला फोन लावला आणि खालमानेनं सगळं सांगितलं.

पलीकडून आधी ‘समदा?’ एवढंच आलं. मग आक्का म्हणाली, “हजच्या घरात गेला न्हवं? मग आडत्यापरास बऱ्या ठिकाणी गेला. फकस्त आपाला म्हणावं, तिकडं गेल्यावर माजं नाव घे. आन् माज्या गुडघ्यांचं बी सांग. डावा जास्त दुखतोय.”

जुलेखानं हे आपाला सांगितलं, आणि आपानं ते दोनदा म्हणून पाठ केलं.

परतीचा प्रश्न उरला होता. आपानं रिवाजाप्रमाणे नव्या तांदळाचं एक पोतं मागं टाकलं, पण एका पोत्यानं पाटे काही वाकले नाहीत. शेवटी आपाच्या गल्लीतली लहानथोर मंडळी फाट्यापर्यंत पोचवायला म्हणून आत बसली, आणि गाडी गाणी म्हणत फाट्यावर आली. तिथं ती मंडळी उतरली. शाफ्ट आता केव्हाही पडेल अशी अवस्था होती. एस्टीची वाट बघत बरीच माणसं झाडाखाली उभी होती. शमशुद्दीन खाली उतरला, घसा साफ केला, पण एवढ्या वर्षांनी त्याला हाक मारायला लाज वाटू लागली.

मग जुलेखानंच खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “कोल्हापूर, कोल्हापूर! बसा की पावणं. पैसं न्हाईत घ्यायचं.”

माणसं दोन पावलं मागं सरली. एकानं विचारलं, “फुकाट? मग गाडीत काय गडबड हाय?”

“गडबड हाय म्हणूनच फुकाट,” ती म्हणाली. तिनं शाफ्टची हकिगत सांगितली, आणि लोकांना ती इतकी आवडली, की मागची सीट भरू लागली. पण वजन अजून जेमतेमच होतं. तेवढ्यात पांढरा कडक पोशाख घातलेला, चांगल्या देहाचा एक माणूस आला. कुठल्यातरी संस्थेवर संचालक असावा. त्यानं मागं बघितलंदेखील नाही. सरळ पुढचं दार उघडलं आणि जुलेखासमोर उभा राहिला.

जुलेखानं रिकामा डबा उचलला, पदर आवरला, एक पाय खाली टाकला. असं करायचं तिनं मनात आणलं नव्हतं. अंगाला ते ठाऊकच होतं.

“बस खाली,” शमशुद्दीन तिला म्हणाला. मग त्या माणसाकडं वळला. “पावणं, मागं बसा. ही सीट भरलीय.”

“एक बाई तर हायत. सरकून दोघं बसतंय की आरामात.”

“बसतंय,” शमशुद्दीन म्हणाला. “तिघं बी बसतंय. पन ही एका मानसाची हाय.”

वजन मागंच हवंय, शाफ्टसाठी तुम्ही मागंच बसायला पाहिजे, असं सांगून त्याला सहज सुटता आलं असतं. आणि ते खरंही होतं. शमशुद्दीननं ते सांगितलं नाही. जुलेखानं ते बरोबर हेरलं आणि पाय आत घेतला.

पांढरा पोशाख कुरकुरत मागं गेला, तांदळाच्या पोत्यावर बसला, आणि पाटे आवाज करत खाली आले. शमशुद्दीननं कान देऊन ऐकलं, मान डोलावली आणि गिअर टाकला. आता ऊन त्याच्या बाजूला होतं. मागं सगळे एकदम बोलत होते, कुणीतरी शेंगा फोडत होतं, आणि त्या गलक्यात शमशुद्दीन तिला काहीतरी सांगू लागला. लग्नाच्या दिवशी काझीसाहेब कसे वाटेत गाडी लागून खिडकीबाहेर ओकले होते, ते. ही गोष्ट त्यानं तिला कधी सांगितली नव्हती. जुलेखा इतकी हसली, की मागच्या माणसांनी बोलणं थांबवून काय झालं म्हणून विचारलं. तिनं सांगितलं नाही.

बांबवड्याला एकजण उतरला आणि गाडीखाली पुन्हा बारीक खडखड सुरू झाली. शमशुद्दीननं नुसतं बायकोकडं बघितलं. जुलेखानं पदर कमरेला खोचला, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि असा आवाज टाकला, की चहाच्या गाड्यावरची माणसं कप हातात घेऊनच गाडीकडं चालू लागली.